इतक्या वर्षांत काई झालं नाई म्हणणाऱ्या सिनिअरले कसं समजवावं? (बोटिंग, झिपलाइन, सफारी, बगीचेवाले सगळे सांगा)

तलावकाठचा_पोट्टा

रामराम मंडळी. मी मामा तलावावर (माजी मालगुजारी तलाव) बोटिंग अन् तिथंच एक छोटी झिपलाइन आहे, त्या दोन्हीवर काम करतो, गावच्या समितीतर्फे. गाव जंगलाच्या बफरमंदी येते, जिल्हा सांगत नाई कारण मंग दोन मिनिटात ओळखतीन सगळे.

तं गोष्ट अशी का आमच्याकडं एक काका आहेत, ढीवर घरातले, डोंग्यातच लहानाचे मोठे झाले, पाण्यातलं त्याईले जेवढं समजते तेवढं मले सात जन्मात समजणार नाई हे आधीच सांगून ठेवतो. बुडणारे लोक त्याईनं बाहेर काढलेत, गावात मान आहे. पण तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लय गर्दी होती, नागपूरहून आलेल्या गाड्या उभ्या, अन् पश्चिमेकडून आभाळ भरून आलं, गडगड चालू झाली. मी म्हटलं काका आता बोट बंद करू. ते म्हणे हे आभाळ खालून निघून जाते, मी रंग पाहून सांगतो. सहा जणाची बोट, त्यात लहान पोट्टे धरून नऊ बसवले. एका लेकराच्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं, ते सुतळीनं बांधलं. मी काठावर उभा राहून नुसता पाहात होतो, पोटात गोळा.

काईच झालं नाई. पाणी बी आलं नाई. परत आल्यावर काका सगळ्या टुरिस्टासमोर म्हणे, पाय, झालं का काई? पोट्टा भित्रा आहे आमचा. सगळे हासले. वरून संध्याकाळी सचिवानं मले बोलावून सांगितलं का तुझ्यामुळं गिऱ्हाइक वापस जाते.

आता माझा प्रश्न. मीच भित्रा आहे का? का लोक जसजसे जुने होतात तसा त्याईले धोका दिसनंच बंद होते? अन् एक गोष्ट मले समजतच नाई, वादळात बोट काढणारे हेच काका, त्याईले म्हटलं तुम्ही अध्यक्षाले सांगा ना नवीन जॅकेटचे पैसे पास करा म्हणून, तं मानूस मान खाली घालते अन् म्हणते नको बापा, आपण लहान मानसं. हे कसं काय?

तुमच्याकडं कोण ठरवते कवा बंद करायचं ते? खरं खरं सांगा.

जिप्सी_अन्_धूळ

भाऊ तू भित्रा नाईस. मी ताडोबाच्या एका गेटवर जिप्सी चालवतो, लय दिवसापासून. पयल्यांदा वाघ रोडवर आल्ता तवा माझे पाय क्लचवर थरथरत होते, आता वाघ दहा फुटावर असला तरी मी गाइडसोबत खर्ऱ्याच्या पुडीवरून भांडत असतो. म्हंजे वाघ बदलला का? नाई. मीच बदललो. थो वाघ तेवढाच वाघ आहे.

२०२१ च्या नोव्हेंबरात कोलाऱ्याकडं वाघांच्या मोजणीच्या कामात गेलेल्या महिला वनरक्षकावर वाघिणीनं हल्ला केला, त्या गेल्या. त्या पायी होत्या, आम्ही गाडीत असतो, तो फरक आहेच. पण मले तवा काय वाटलं सांगू का, ती वाघीण आम्ही रोज टुरिस्टाले नावानं दाखवत होतो, लोक तिचे फोटो घराच्या भिंतीवर लावत होते. नाव पडलं का भेव जाते.

अन् खरं सांगू तं जंगलात धोका वाघाचा कमी अन् मागं बसलेल्या साहेबाचा जास्त. मांगून आवाज येते, भैया थोडा और आगे लो ना. टिपचे पाचशे दिसते डोळ्यासमोर. बाजूच्या जिप्सीनं पुढं घेतली तं आपण कायले मागं राहावं. उमरेड-कऱ्हांडल्यात २०२४ च्या ३१ डिसेंबरले काय झालं ते सगळ्या देशानं पाह्यलं, वाघीण अन् तिचे पिल्लं मधात अन् दोन्हीकडून जिप्स्या. गाइड अन् ड्रायव्हर निलंबित झाले, नागपूर खंडपीठानं सोताहून दखल घेतली. त्या ड्रायव्हरायले काय नियम माहीत नव्हते का? सगळ्यायले पाठ होते. पण पयली गाडी घुसली का दुसरीले वाटते काई नाई होत, अन् दहावीले तं वाटते मी नाई गेलो तं मीच येडा.

जे पोट्टे म्हणतात ना आमच्यात लय डेरिंग आहे, त्यातले अर्धे डेरिंग नाई, टिप आहे.

घरीच_राय

एवढं घाबरून बोटिंग होते का बे. आमचे बाप लायसन नसताना बैलगाडी घेऊन पुरात नदी उतरत होते. तुमच्या जॅकेट जॅकेट च्या नादात टुरिझम बंद पडन अन् मंग बसा वावरात. काका बरोबर आहेत.

जिप्सी_अन्_धूळ

@घरीच_राय पुरात जे वाहून गेले थे आज इथं कमेंट कराले नाईत ना लेका.

वरूडकडचा_मास्तर

पोट्ट्या, तुझा प्रश्न चांगला आहे अन् त्याचा दुसरा भाग तर पहिल्यापेक्षा चांगला आहे, म्हणून थोडं लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून दे. मी शाळेत शिकवतो अन् दरवर्षी पोरांचे निसर्ग कॅम्प नेतो, मेळघाटात, चिखलदऱ्याकडे, त्यामुळे हा विषय माझ्या डोक्यात कायम असतो, अन् आमच्या भागात तर २०२१ ला वर्धा नदीत झुंज गावाजवळ नाव उलटून एकाच गोतातले ११ जण गेले, दशक्रियेला आले होते बिचारे, तेव्हापासून नाव म्हटलं की माझे कान टवकारतात.

आधी काकांची गोष्ट. तू म्हणतो हा माणूस वादळात बोट काढतो अन् अध्यक्षासमोर मान खाली घालतो, हे कसं. यावर मानसशास्त्रवाल्यांनी काम केलंय. २००२ साली वेबर, ब्लेस अन् बेट्झ या तिघींनी एक मोजपट्टी तयार केली, त्यात धोका पत्करण्याचे वेगवेगळे कप्पे पाडले, पैशाचा धोका, तब्येत अन् सुरक्षेचा, खेळ-भटकंतीचा, नीतीचा, अन् सामाजिक धोका, म्हणजे चारचौघात किंवा साहेबासमोर न पटणारं बोलून दाखवायचा. तर असं दिसलं की माणूस सगळीकडे सारखा धाडसी किंवा सारखा भित्रा नसतो. कड्यावरून उडी मारणारा माणूस शेअरमध्ये हजार रुपये टाकायला घाबरतो. अन् त्याहून महत्त्वाचं, लोकांच्यात जो फरक दिसतो तो बराचसा हिमतीचा नसतो, समोरच्या गोष्टीत धोका किती दिसतो अन् फायदा किती दिसतो याचा असतो. म्हणजे तुझे काका तुझ्यापेक्षा शूर आहेत म्हणून बोट काढतात असं नाही, त्यांना तिथे धोका दिसतच नाहीये. अन् अध्यक्षासमोर जो दिसतो तो त्यांना खरंच मोठा दिसतो, कारण उद्या कामावरून काढलं तर घर कसं चालवायचं. त्यांना त्यासाठी हसू नको.

आता जुने झाल्यावर धोका दिसणं बंद होतं का. होतं. अमेरिकेत इयन मॅकॅमन नावाच्या माणसानं बर्फाच्या कड्यांवर फिरायला जाणाऱ्यांचे ७१५ अपघात तपासले, २००४ मध्ये त्यावर लिहिलं. त्यात असं निघालं की चांगलं ट्रेनिंग घेतलेले लोक ओळखीच्या उतारावर गेले की जवळजवळ तेवढाच धोका पत्करायचे जेवढा काहीच न शिकलेले. ट्रेनिंग कुठं गेलं? ओळखीनं खाल्लं. बाकीच्या ज्या गोष्टी त्यानं सांगितल्या त्या वाचताना मला तर आमचाच कॅम्प दिसत होता, एकदा ठरवलं म्हणून जायचंच, सोबतच्यात कोणी जाणकार आहे म्हणून आपलं डोकं बंद ठेवायचं, दुसरे गेले म्हणून आपण जायचं, चारचौघात छाप पाडायची, अन् नंतर ही संधी मिळणार नाही. जिप्सीवाल्या भाऊंनी वर जे लिहिलं तेच, बर्फाच्या जागी वाघीण ठेवा फक्त.

अन् काई झालं का म्हणून जे विचारलं ना काकांनी, तोच सगळ्यात फसवा प्रश्न. १९८६ ला चॅलेंजर यान फुटलं. त्याच्या रबरी कड्या आधीच्या उड्डाणांतही जळलेल्या सापडत होत्या, पण यान दर वेळी सुखरूप परत येत होतं, म्हणून हळूहळू जळलेली कडी हीच नेहमीची गोष्ट झाली. डायान वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी यावर मोठं काम केलंय. तुमच्या बोटीत नऊ जण बसले अन् काही झालं नाही, की पुढच्या रविवारी नऊ हा आकडा ठरला. त्याच्या पुढच्या रविवारी दहावा विचारतो, एकानं काय होते.

@घरीच_राय भाऊ, बडोद्याला हरणी तलावात २०२४ च्या जानेवारीत सहलीच्या बोटीत १२ पोरं अन् २ शिक्षिका गेल्या. जास्त बसवले होते, सगळ्यांना जॅकेट नव्हते. मी शिक्षक आहे, मला ती बातमी वाचून दोन रात्री झोप नव्हती, त्यामुळे या विषयावर माझ्याशी गंमत करू नका.

बगीच्यातला_माणूस

सगळे एकाच बाजूनं बोलून राहिले म्हणून दुसरी बाजू मांडतो, रागावू नका. मी एका गावच्या बालोद्यानाची देखभाल पाहतो. आमच्याकडे उलटं झालंय. कोण्या एका लेकराचा हात मोडला दुसऱ्या तालुक्यात, पेपरात आलं, अन् आमच्या साहेबांनी झुले काढून टाकले, फिरकी काढून टाकली, जंगलजिम कापून भंगारात दिलं. आता बगीच्यात काय आहे? गवत, दोन बाक, अन् एक हत्तीचा पुतळा ज्यावर चढाले मनाई आहे. फळकावर लिहिलंय.

साहेबाला लेकराचा हात दिसत नव्हता, चौकशी दिसत होती. मी त्याला दोष देत नाही, त्याची बदली गडचिरोलीच्या टोकाले होईन या भेवानं तो जगते. पण पोट्टे गेले कुठं? कॅनॉलवर. उन्हाळ्यात कॅनॉलले पाणी सोडलं का सगळे तिथं उड्या मारतात, शेवाळलेले सिमेंटचे काठ, बाहेर निघाले जागा नाई. देशात पाण्यात बुडून दरवर्षी पस्तीस हजारांच्या वर लोक मरतात, सरकारी आकडा आहे. झुल्यावरून पडून किती मरत असतीन? म्हंजे आपण हात मोडायचा धोका बंद केला अन् जीव जायचा धोका उघडा ठेवला, फक्त तो आपल्या हद्दीच्या बाहेर आहे म्हणून कोणी आपल्याले विचारत नाई.

युरोपात बगीच्याचे जे नियम आहेत त्यात खेळण्यावरून पडायची उंची जास्तीत जास्त ३ मीटर चालते. ३ मीटर! म्हंजे त्याईनं पडणं मान्य केलंय, फक्त खाली काय आहे ते पाहतात, जाड वाळू, लाकडाचा भुसा, रबर. आमच्याकडं झुल्याखाली काँक्रीट होतं, का तं चिखल होते म्हणून. चिखल बरा होता हो. अन् घसरगुंडी लोखंडी, तोंड दक्षिणेले, मे महिन्यात दुपारी तिच्यावर पोळी भाजन. त्याच्याबद्दल एकाही रिपोर्टात एक शब्द नव्हता, रिपोर्टात होतं की रंग उडालेला आहे.

म्हणून पोट्ट्या, तू बंद करू म्हणतो ते त्या दिवशी बरोबर होतं, वीज होती. पण बंद करणं म्हंजेच सुरक्षा, ही सवय लागली तं तुमचा तलाव बी आमच्या बगीच्यासारखा होईन.

गाइड_ताई

मी बफरमध्ये गाइड आहे, आमच्या बॅचमध्ये बऱ्याच बायका आहेत. मास्तरांनी सामाजिक धोका म्हटलं ते वाचून थांबले, कारण आम्हाला तो रोज आहे.

पुरुष गाइड म्हणाला की गाडी मागे घ्या तर तो नियमाचा माणूस. मी म्हटलं तर, बाई आहे, घाबरली. ड्रायव्हर पण हसतो, टुरिस्ट पण. मग काय होतं, आमच्यातल्या काही जणी उलट जास्त पुढे घ्यायला लावतात, दाखवायला की आम्ही भीत नाही. मी हे पाहिलंय. म्हणजे धोका दिसतो, पूर्ण दिसतो, अन् तरी घेतो, कारण भित्री म्हणवून घेणं त्यापेक्षा जड वाटतं. पोट्ट्या, तुला त्या दिवशी हसले ना लोक, ते हसू लक्षात ठेव, कारण पुढच्या वेळी तेच तुला गप्प बसवेल.

अजून एक सांगते. आमच्या घरच्या बाया तेंदूपत्त्याला जातात. २०२५ च्या मे मध्ये सिंदेवाही तालुक्यात एकाच दिवशी तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या, पानं तोडायला गेलेल्या. त्याच सीझनमध्ये टुरिस्ट हजारो रुपये भरून वाघ जवळून बघायला येतो अन् लांब असला तर नाराज होतो. मला गाडीत बसून कधीकधी हे डोक्यात येतं अन् मग बोलायचं सुचत नाही, मी पक्षी दाखवते.

वरूडकडचा_मास्तर

ताई, तुम्ही म्हणता ते फार जुनं निरीक्षण आहे, चॉन्सी स्टार नावाच्या माणसानं १९६९ सालीच लिहून ठेवलं की लोक आपल्या मर्जीनं घेतलेला धोका लादलेल्या धोक्यापेक्षा साधारण हजारपट जास्त चालवून घेतात. टुरिस्टचा वाघ मर्जीचा, तुमच्या घरच्या बायांचा नाही. पण तुम्ही जसं सांगितलं तसं त्यानं नाही सांगितलं.

दोर_अन्_पुली

मी आधी बाहेर एका साहसी खेळाच्या कॅम्पवर इन्स्ट्रक्टर होतो, आता गावाले शेती करतो अन् कोणी बोलावलं तं दोर तपासून देतो. पोट्ट्यानं झिपलाइनचा उल्लेख केला अन् कोणीच त्यावर बोललं नाई, सगळे बोटीवर अन् वाघावर. याचंच नाव धोका न दिसणं भाऊ. वाघाचे दात दिसतात, वायररोपच्या आतली तुटलेली तार दिसत नाई. पॉल स्लोव्हिक नावाच्या माणसानं १९८७ मध्ये हेच लिहिलं होतं, ज्या गोष्टीची दहशत मनात बसते तिचा धोका लोकायले मोठा वाटते, आकडे काई बी म्हणो.

तं पोट्ट्या हे कर. सुती फडकं घे अन् वायररोपवरून पूर्ण लांबी ओढत ने, हातात जाड मोजा घालून. जिथं फडकं अडकन तिथं तार तुटलेली आहे, खूण कर अन् मोज. मंग टोकाले जा जिथं रोप वळवून क्लॅम्प मारलेत. यू आकाराचा बोल्ट कोणत्या बाजूले आहे ते पाय. क्लॅम्पचं जे जाड बूड असते, ते वजन पेलणाऱ्या रोपावर बसलं पायजे अन् यू बोल्ट मेलेल्या टोकावर, म्हंजे वळवून आणलेल्या, वजन नसलेल्या टोकावर. उलटं बसवलेलं असन तं यू बोल्ट वजनाच्या तारेले चेपते. गावच्या वेल्डिंगवाल्यानं बसवलं असन तं एक उलटा एक सुलटा असा दिसन, त्याले वाटते दिसाले छान दिसते. क्लॅम्पचे नट नवीन असताना पयल्यांदा वजन आल्यावर परत आवळा लागतात, हे कोणीच करत नाई.

हार्नेस कुठं ठेवता? बाहेर खुंटीवर असन तं आपल्याकडच्या उन्हानं नायलॉन मरते, रंग उडला का समज आतून गेलं. बनवणारे लोक साधारण १० वर्षाच्या वर वापरू नका म्हणतात, ते सावलीत पेटीत ठेवलं तं, अन् इथं ४५ अंशात खुंटीवर टांगून नाई. बाहेरून पाहून समजत नाई म्हणून शिलाईपाशी वाकवून पाय, धागा पांढरा पडून तुटते.

जॅकेटचं बी. त्यावर लोक बसतात, जेवण झाल्यावर उशाले घेऊन झोपतात, फोम चेपला का तरंगायची ताकद जाते. सीझनच्या आधी एक एक जॅकेट पाण्यात, कंबरेइतक्या पाण्यात, घालून पाय. सुतळीनं बांधलेलं जॅकेट पोट्ट्याच्या डोक्यावरून निघून जाते अन् पोट्टा खाली राहते. मी पाह्यलं आहे. पुढं लिहीत नाई.

अन् तुझा जो मेन सवाल आहे, कोण ठरवते. सांगतो. इंग्लंडात लाइम बे म्हणून खाडी आहे, १९९३ च्या मार्चमंदी तिथं कयाकिंगले नेलेले चार विद्यार्थी गेले. त्या केंद्रात आधी काम करणाऱ्या दोन इन्स्ट्रक्टरनं आदल्या वर्षीच मालकाले चिठ्ठी लिहून सांगितलं होतं का इथं सुरक्षा नाई, कोणाचा तरी जीव जाईन. ते दोघं काम सोडून गेले होते. कोर्टात ती चिठ्ठी मालकाच्या विरोधात सगळ्यात मोठा पुरावा ठरली, कंपनीच्या संचालकाले जेल झाली, अन् १९९५ मध्ये तिकडं पोरांच्या अशा केंद्रांसाठी लायसनचा कायदा झाला. म्हणून तोंडी भांडू नको. एक रजिस्टर कर. तारीख, हवा, किती लोक, किती जॅकेट चांगले, कोणाच्या सांगण्यावरून चालू ठेवलं, त्याची सही. सही मांगितली का अर्धे लोक सोताच बंद म्हणतात, पाहून घे. महाराष्ट्र सरकारचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलंय, त्याचा कागद पर्यटनच्या ऑफिसात मांग अन् समितीच्या मीटिंगले ठेव, अध्यक्ष तुझं ऐकणार नाई, कागदाचं ऐकन.

घरीच_राय

क्लॅम्पचं बरोबर सांगितलं. आमच्या ट्रॉलीचा रोप असाच सुटला होता. बाकी माझं म्हणणं तेच आहे.

जिप्सी_अन्_धूळ

@दोर_अन्_पुली सहीवालं लय भारी आहे. आमच्याकडं मांगून थोडा और आगे म्हणणाऱ्या साहेबाले मी आता म्हणतो, साहेब तुमचं पूर्ण नाव अन् गाव सांगा, गेटवर लिहून द्या लागते. गाडीत शांतता.

तलावकाठचा_पोट्टा

सगळ्याईचे लय लय आभार. एवढं कोणी लिहीन असं वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

फडकं ओढलं. टॉवरच्या बाजूले, जिथून पोट्टे सुटतात तिथून थोडं पुढं, फडकं अडकलं, दोन ठिकाणी. अन् क्लॅम्प खरंच एक उलटा एक सुलटा आहे, दोर_अन्_पुली दादा तुम्ही काय पाहून लिहिलं का काय. झिपलाइन बंद केली, ते सचिवानं ऐकलं कारण मी त्याचा हात धरून नेला अन् तुटलेल्या तारेवर बोट ठेवलं.

जॅकेटची पेटी उघडून सगळे घालून पाह्यले. चांगले निघाले त्याच्यावर हिरवी रिबिन बांधली. जेवढ्या हिरव्या रिबिनी तेवढेच लोक पाण्यावर, एवढंच मी ठरवलं, बाकी भांडण नाई केलं.

काकायचं सांगतो. मास्तरायनं लिहिलं ते मी त्याईले वाचून दाखवलं, पण हळूच, रात्री खळ्यावर बसलो तवा. आधी चिडले. मंग म्हणे, पाण्यात मी पोट्टा काढू शकतो म्हणून मले भेव नाई. मी म्हटलं काका एक पोट्टा काढसान, नऊ कसे काढसान, अन् त्यातले चार त्याच टायमाले तुमच्या गळ्यात पडतीन. यावर काका काई बोलले नाई, बिडी पेटवली. दुसऱ्या दिवशी म्हणे ते विजेचं काय आहे ते सांग. मी सांगितलं, लकाकी दिसली का सेकंद मोजायचे, तीसच्या आत गडगड ऐकू आली तं दहा किलोमीटरच्या आत वीज आहे, बोट काठावर, अन् शेवटची गडगड झाल्यावर अर्धा तास थांबायचं. विजेची सूचना देणारं दामिनी अ‍ॅप बी टाकून दिलं त्याईच्या पोट्ट्याच्या मोबाइलवर. मोजायचं त्याईले आवडलं. आता तेच शिट्टी वाजवतात, अन् त्याईनं शिट्टी वाजवली तं कोणी हासत नाई, मी वाजवली असती तं हासले असते. हे मी मुद्दाम केलं, ताईचं वाचून.

जॅकेटच्या पैशाचं अजून अडलंच आहे. रजिस्टर चालू केलं पण अध्यक्ष सही कराले तयार नाई, म्हणे मी तिथं हजर नसतो तं मी कशी सही करू. आता याच्यावर काय करू?

दोर_अन्_पुली

त्याचं वाक्य तसंच रजिस्टरमंदी लिही, त्याच्याच शब्दात. खाली तारीख टाक, अन् ऐकणाऱ्या दोघाची सही घे. काकाची पण घे. रोप बदलायचा असन तं जुनाच कापून जोडू नको, पूर्ण नवीन घे, अन् बिल समितीच्या नावानं घेजो.